दहा गुंठे आणि एक पदवी

प्रश्न : आम्ही कागल तालुक्यातले. वडिलांची सव्वादोन एकर उसाची शेती आहे आणि मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. धाकट्या बहिणीला बारावी सायन्सला ७८ टक्के मिळाले. नीट दोनदा दिली, पण एमबीबीएसपर्यंत गुण पोहोचले नाहीत आणि खासगी बीएएमएसची फी ऐकून आम्ही परत फिरलो. आता राजारामपुरीतल्या एका प्रवेश सल्लागाराने बेंगळुरूच्या एका कॉलेजातला ‘बीएस्सी फिजिशियन असिस्टंट’ हा अभ्यासक्रम सुचवला आहे. ३ वर्षे शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप. फी वर्षाला १ लाख ६० हजार, हॉस्टेल आणि मेस वर्षाला ९० हजार. ‘डॉक्टरच्या खालोखाल मान, सुरुवातच ४० हजारांनी, आणि अमेरिकेत तर कोटीत पगार,’ असे ते सांगतात. वडील रस्त्याकडेचे दहा गुंठे विकायला निघाले आहेत. मी म्हणतो, कर्ज काढू, माझा टॅक्सही वाचेल. २५ हजार आणि मूळ कागदपत्रे देऊन सीट धरण्याची मुदत महिनाअखेर आहे. हा खर्च वसूल होईल का?
— एक भाऊ, कागल तालुका

उत्तर : सस्नेह नमस्कार. निर्णय आधी सांगते आणि कारणे मागाहून. आज तुमच्यासमोर जसा प्रस्ताव आहे, म्हणजे न पाहिलेले कॉलेज, साडेआठ लाखांच्या घरातला खर्च आणि त्यासाठी विकलेली जमीन, तसा तो स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. याचा अर्थ हा अभ्यासक्रम फसवा आहे किंवा हे काम हलके आहे असा मात्र घेऊ नका. कोल्हापुरातल्या खासगी रुग्णालयांच्या प्रशासनात मी बरीच वर्षे काम केले आहे आणि उत्तम फिजिशियन असिस्टंट असलेला विभाग आणि नसलेला विभाग यांतला फरक मी रोज पाहिलेला आहे. अडचण आहे ती ही पदवी कुठे घेतली आणि पुढे कुणाच्या हाताखाली वापरली, या प्रश्नाची. आणि नेमका तोच प्रश्न तुमच्या सल्लागारांनी वगळलेला दिसतो.

हे काम मुळात काय आहे ते आधी पाहू. अमेरिकेत डॉक्टरांचा तुटवडा जाणवू लागला तेव्हा, १९६५ साली, ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या मोजक्या माजी सैनिकांना घेऊन हे प्रशिक्षण सुरू केले. हाताला सवय असलेल्या माणसांना वैद्यकशास्त्राचा नेमका भाग शिकवावा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली कामाला लावावे, अशी ती कल्पना होती. आपल्याकडे ती १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये आली आणि तीही हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात, डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. म्हणजे या व्यवसायाचे भारतातले मूळ एका शल्यचिकित्सकाच्या टीममध्ये आहे. बायपासच्या वेळी पायातली शीर काढून देणे, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी तास न् तास जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभे राहणे, नंतर आयसीयूत रुग्णाची बारीकसारीक नोंद ठेवणे, राउंडच्या आधी सगळे रिपोर्ट लावून तयार असणे आणि शेवटी डिस्चार्ज कार्ड लिहिणे, असे ते काम असते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे माझे म्हणणे कळेल. आमच्याकडे हृदयशस्त्रक्रिया विभागात चेन्नईला शिकलेली एक मुलगी होती. एका रात्री बायपास झालेल्या रुग्णाच्या छातीतल्या ड्रेनची, म्हणजे आत साचणारे रक्त बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली ती दर तासाला स्वतः वाकून वाचत होती. पहिल्या तासात ६० मिलि, पुढच्या तासात २००, आणि त्यापुढच्या अर्ध्याच तासात पुन्हा तितकेच. तिने तिसरा तास भरण्याची वाट पाहिली नाही. रात्री अडीच वाजता सरांना थेट फोन लावला, आकडे सांगितले, रक्तपेढीला कळवले आणि सर येईपर्यंत थिएटर तयार ठेवले. रुग्ण पुन्हा टेबलावर गेला आणि वाचला. सकाळी नातेवाइकांनी तिला ‘डॉक्टर’ म्हणून हात जोडले तेव्हा ‘मी डॉक्टर नाही, सरांची असिस्टंट आहे,’ असे तिने शांतपणे सांगितले.

याच मुलीची पुढची गोष्ट तुम्हाला अधिक उपयोगाची आहे. वर्षभराने ते शल्यचिकित्सक पुण्याला गेले. नव्याने आलेल्या सरांना असिस्टंट कशासाठी ठेवायचा हेच माहीत नव्हते, कारण त्यांच्या सवयीत ती जागा नव्हती. व्यवस्थापनाने मुलीला महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या फायली आणि विम्याच्या कॅशलेस मंजुऱ्या पाहायला बसवले. ज्या हातांनी शिरा काढल्या त्या हातांनी तिने चार महिने झेरॉक्स लावल्या. त्या निर्णयाच्या कागदावर सही करणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे सांगताना मला संकोच वाटतो. अखेर ती जुन्या सरांकडे पुण्याला गेली आणि माझ्या माहितीप्रमाणे तिथे तिचे उत्तम चालले आहे. तिची पदवी दोन्ही ठिकाणी तीच होती. किंमत बदलली ती शेजारच्या माणसामुळे.

आता हेच कोल्हापूरला लावून पाहा. राजारामपुरी, शाहूपुरीपासून स्टेशन रोडपर्यंत आपल्याकडे लहान-मध्यम रुग्णालयांची दाटी आहे, तेव्हा इथे असिस्टंटना भरपूर मागणी असेल असे कुणालाही वाटेल. पण या रुग्णालयांत रात्रपाळी कोण सांभाळते? बीएएमएस आणि बीएचएमएस झालेले आरएमओ, म्हणजे रुग्णालयाचे निवासी डॉक्टर. दक्षिणेत फिजिशियन असिस्टंट जी जागा भरतो ती महाराष्ट्रात या मंडळींनी कधीचीच भरलेली आहे, आणि मालकाच्या दृष्टीने त्यांच्या नावामागे ‘डॉक्टर’ ही अक्षरे असतात हा मोठा फायदा असतो. त्यामुळे तुमची बहीण शिकून कोल्हापूरला परत येईल आणि घरून ये-जा करून नोकरी करील असे चित्र तुमच्या आई-वडिलांच्या मनात असेल तर ते आजच पुसून टाकलेले बरे. निदान पहिली पाच-सहा वर्षे तिला बेंगळुरू, चेन्नई किंवा फार तर पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात काढावी लागतील. सरकारी नोकरीचेही तसेच. सीपीआरसारख्या शासकीय रुग्णालयांच्या भरतीच्या जाहिराती मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. त्यांत अधिपरिचारिका असते, क्ष-किरण तंत्रज्ञ असतो, प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतो. फिजिशियन असिस्टंट हे पद माझ्या पाहण्यात आलेले नाही.

कायद्याची बाजू पूर्वीपेक्षा बरी आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने याच व्यवसायाला ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाने आपल्या अनुसूचीत स्थान दिले. नाव, नोंदणी आणि ठरलेला अभ्यासक्रम या तिन्ही गोष्टींना त्यामुळे आधार आला. पण या कायद्याने स्वतंत्र प्रॅक्टिसचा परवाना मिळत नाही. असिस्टंटला स्वतःच्या नावाने दवाखाना काढता येत नाही किंवा आपल्या सहीने औषधे लिहून देता येत नाहीत. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण लहान रुग्णालयांत ‘रात्री तूच लिही, सकाळी सर सही करतील’ असा आग्रह होतो आणि नवख्या मुलामुलींना नाही म्हणता येत नाही. नोंदणीकृत डॉक्टर नसताना वैद्यकीय व्यवसाय केल्यास २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ नुसार १ वर्षापर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘डॉक्टरच्या खालोखाल’ या शब्दांतला ‘खालोखाल’ कायद्याला फारसा मान्य नाही.

अमेरिकेतला पगार खरा आहे, मात्र तो तुमच्या बहिणीला लागू नाही. तिथल्या सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये या व्यवसायातले मध्यम वार्षिक वेतन सुमारे १ लाख ३० हजार डॉलर होते, म्हणजे रुपयांत कोटीच्या घरात. पण तिथे हे शिक्षण पदवीनंतरचे, साधारण सव्वादोन वर्षांचे आहे, आणि परवान्यासाठीची परीक्षा तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेल्यांनाच देता येते. बारावीनंतर भारतात घेतलेली बीएस्सी त्या परीक्षेच्या दारापर्यंत नेत नाही. तिथे जायचे तर सगळे पुन्हा डॉलरमध्ये शिकावे लागेल. ब्रिटनचेही नाव तुम्हाला कुणी सांगेल, म्हणून एवढेच नमूद करते की तिथे डिसेंबर २०२४ पासून या व्यवसायाची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली आणि जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेंग अहवालाने त्यांच्या कामाच्या मर्यादा आखण्याची आणि ‘असोसिएट’ऐवजी पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणण्याची शिफारस केली. ज्या देशात असा वाद ताजा आहे त्या देशाच्या भरवशावर कागलमध्ये कर्ज काढू नये.

आता पैशांचे बघू. फी ३ वर्षांची ४ लाख ८० हजार आणि राहण्या-जेवणाचे ४ वर्षांचे ३ लाख ६० हजार, एकूण ८ लाख ४० हजार. त्यात परीक्षा शुल्क, गणवेश आणि येण्या-जाण्याचा खर्च नाही, आणि इंटर्नशिपच्या वर्षी फी घेत नाहीत हे कॉलेजने लेखी दिलेले नाही असे मी धरून चालते. समजा, तुम्ही फीपुरतेच कर्ज काढले आणि व्याज १० टक्के पडले. शैक्षणिक कर्जात सामान्यतः अभ्यासक्रमाचा काळ अधिक १ वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. दरवर्षी १ लाख ६० हजार याप्रमाणे उचललेल्या रकमेवर सरळ व्याजानेसुद्धा पाच वर्षांत १ लाख ९२ हजार चढतात. म्हणजे हप्ते सुरू होतील त्या दिवशी डोक्यावर ६ लाख ७२ हजार असतील आणि ७ वर्षांत फेडायचे तर महिन्याला ११ हजार १५० रुपयांच्या आसपास हप्ता बसेल.

हिशेबापुरता तिचा पहिला पगार २० हजार धरा. हप्ता गेल्यावर ८ हजार ८५० उरतात. तुम्हीच दिलेल्या आकड्यानुसार बेंगळुरूत राहण्या-जेवणाला महिन्याला साडेसात हजार लागतात, तेही हॉस्टेलच्या दराने. महिनाअखेरीस मुलीच्या हातात १ हजार ३५० रुपये राहतात आणि त्यात दिवाळीला कागलला येऊन परत जायचे. सल्लागारांचे ४० हजार खरे ठरले तर मात्र हाच हप्ता सहज पेलतो. तेव्हा सगळी मदार २० की ४० या एका प्रश्नावर आहे, आणि त्याचे उत्तर सल्लागारांच्या तोंडून न घेता गेल्या दोन बॅचमधल्या तीन मुलांच्या पगाराच्या स्लिपवरून घ्यायचे आहे. कॉलेज असे तीन फोन नंबर देत नसेल तर तेही एक उत्तरच समजावे.

तुमच्या टॅक्सबद्दल एक खुलासा. शैक्षणिक कर्जाची आयकरातली वजावट (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०ई) स्वतःच्या, जोडीदाराच्या, अपत्याच्या किंवा ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत अशा विद्यार्थ्याच्या कर्जावरील व्याजासाठी मिळते. बहिणीसाठी भावाने काढलेले कर्ज त्यात बसत नाही. शिवाय ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. म्हणून कर्ज काढायचेच झाले तर बहिणीच्या नावे, वडिलांना सहकर्जदार करून काढा. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत पत हमी योजनेचा आधार मिळू शकतो. मात्र सल्लागारामार्फत, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला बँक कर्ज देईल का, हे शाखेत आधी विचारून घ्या.

जमिनीबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण त्यातले तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. दहा गुंठ्यांत वर्षाला दहा-बारा टन ऊस निघत असेल आणि त्यातून हाती फार येत नसेल हे मान्य आहे. पण रस्त्याकडेची जमीन एकदा गेली की उरलेल्या सगळ्या जमिनीचे तोंड जाते. कर्ज चुकले तर फेडता येते. हे दहा गुंठे तुम्हाला त्याच भावात परत कुणी देणार नाही.

बीएस्सी नर्सिंगचा विचार तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही, याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला. आपल्या घरांत ‘नर्स’ म्हटले की नाक मुरडायचे आणि ‘असिस्टंट’ म्हटले की इंग्रजी नावामुळे हुरळायचे, ही रीत मी फार वेळा पाहिली आहे. तोही चार वर्षांचाच अभ्यासक्रम आहे, त्याची राज्यात स्वतंत्र सीईटी होते, सरकारी भरतीत त्याची पदे असतात आणि परदेशात जायचे झाले तरी ती वाट जास्त मळलेली आहे. शिवाय २०२४-२५ पासून राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. व्यवस्थापन कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठे त्यातून वगळली आहेत, आणि बेंगळुरूच्या कॉलेजचा तर प्रश्नच येत नाही. तुम्ही यात बसत असाल तर फीचे पावणेपाच लाख हा खर्चच मुळात टळतो. यंदाची सीईटी हुकली असेल तर एक वर्ष थांबावे लागेल. दोनदा नीट दिलेल्या मुलीला तिसरे वर्ष जड वाटणार, हे मला कळते. पण त्या वर्षाची किंमत आठ लाख नाही.

तरीही फिजिशियन असिस्टंटच व्हायचे असेल तर मी कुठल्या परिस्थितीत होकार देईन तेही सांगते. कॉलेजचे स्वतःचे, चालते, मोठे रुग्णालय असावे आणि त्यात हृदयशस्त्रक्रिया, मेंदूशस्त्रक्रिया, आयसीयू असे विभाग रोज भरलेले असावेत. ज्या कॉलेजची मुले इंटर्नशिपसाठी गावभर वाटली जातात तिथे शिकवणारा कुणी नसतो आणि मुले फुकटचे मनुष्यबळ होतात. त्याच रुग्णालयाच्या पगारपत्रकावर फिजिशियन असिस्टंट आहेत का, हे तर आवर्जून विचारा. जे स्वतःच्या विद्यार्थ्यांना स्वतः नोकरी देत नाहीत त्यांच्या पदवीवर बाहेरच्यांनी का विश्वास ठेवावा? अभ्यासक्रम राष्ट्रीय आयोगाने ठरवलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे आहे का आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, हे लेखी घ्या. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन किती, तेही विचारा. आणि भाषा विसरू नका. या कामाचा अर्धा भाग रुग्णाशी बोलून माहिती काढण्यात जातो. बेंगळुरूच्या वॉर्डात ती कन्नडमध्येच काढावी लागेल. निपाणीच्या शेजारी वाढलेल्या मुलीच्या कानावर थोडे कन्नड असणार, पण ‘पोटात कळ येते की जळजळ होते’ हे विचारता येण्याइतके ते आहे का, ते तपासा.

२५ हजार भरू नका. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सल्लागाराच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच शिक्षणसंस्थांना विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे, तिथे मध्यस्थाला ती मागण्याचा काय अधिकार? महिनाअखेरची मुदत तुमच्यावर घाई लादण्यासाठी असावी अशी मला दाट शंका आहे. दोन दिवसांची सुट्टी काढून रात्रीच्या गाडीने बहिणीला घेऊन बेंगळुरूला जा. कॉलेजच्या रिसेप्शनवर न बसता सकाळी आठच्या सुमाराला त्यांच्या रुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन बसा, किती रुग्ण येतात ते मोजा, आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला कॅन्टीनमध्ये चहा पाजून तासभर बोलू द्या. तुम्ही त्या वेळी बाहेर थांबा.

हे शेवटचे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या तीन पानी पत्रात सल्लागार काय म्हणतात, वडील काय म्हणतात, तुम्ही काय म्हणता, हे सगळे आहे. बहीण काय म्हणते याची एक ओळ नाही. रात्री अडीच वाजता ड्रेनची बाटली वाचायला वाकण्याची तिला हौस आहे, की एमबीबीएस हुकल्याच्या दुःखावर ही मलमपट्टी आहे, हे तुम्हाला किंवा मला ठरवता येणार नाही. बेंगळुरूहून परत आल्यावर तिथे काय दिसले ते मला जरूर कळवा, आणि ते पत्र तिला लिहू द्या.